आधी वाळू, मग मासा

फिश टँकच्या दुकानात लोच हा मासा गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तो बहुधा एका वाक्यासकट: ‘हा खालची घाण खातो.’ हवा भरून गाठ मारलेली पिशवी, तिच्या तळाशी चिकटून बसलेले दोन-तीन बोटभर मासे, आणि हे वाक्य. घरी टाकी आधीच लागलेली असते. रंगीत गोटे, प्लॅस्टिकचं झाड, मधल्या पाण्यात गोल्डफिश किंवा एंजल. त्यांच्या तोंडून सुटलेलं अन्न खाली कुजतं, ते उचलायला कुणीतरी हवं, म्हणून सगळ्यात शेवटी लोच आणला जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. ओढ्यातला मासा टाकीत ठेवायचा तर आखणी तळापासून करावी लागते. आधी वाळू, मग वाहतं पाणी, मग तो मासा, आणि त्याला जे पाणी मानवतं त्यातच ज्यांचं भागेल असे वरचे सोबती. हाच उलटा क्रम भंडाऱ्यासारख्या पाण्याच्या जिल्ह्यात तलावांना, नाल्यांना आणि वैनगंगेलाही लागला आहे, म्हणून हा विषय काचेच्या टाकीपुरता ठेवता येत नाही.

लोच हा इंग्रजी शब्द दुकानांमुळे रूढ झाला. मराठीत या माशांना मुरी म्हणतात, आणि हे नाव शास्त्राच्या दप्तरातही आहे. विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी 1824 पासून काही वर्षं मुंबई सरकारच्या सांख्यिकीच्या कामासाठी दख्खन हिंडला. 1839 मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. नवी नावं ठेवताना त्याने पुष्कळदा मासे धरणाऱ्यांच्या तोंडचेच शब्द उचलले. खुद्री, कोळस ही नावं अशीच लॅटिनच्या साच्यात गेली आणि मुरीचं ‘मुरेह’ झालं. आज तो मासा ‘पॅराकँथोकोबायटिस मुरेह’ या नावाने ओळखला जातो. तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतला, आणि वैनगंगा ही गोदावरीच्याच खोऱ्यातली नदी. ज्याला नाव आहे, त्याला ‘घाण खाणारा’ म्हणून हाक मारायचं काही कारण नाही.

मुरीचा देह पाहिला की तिला काय हवं ते तिथेच कळतं. बहुतेक माशांच्या पोटात हवेची मोकळी पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहतात. मुरीची ही पिशवी लहान, आणि हाडाच्या कवचात बंदिस्त. त्यामुळे ती तरंगत राहू शकत नाही. पोहणं थांबलं की ती खाली बसते. तोंडाभोवती मिशांच्या तीन किंवा अधिक जोड्या, खालच्या बाजूला वळलेलं तोंड, आणि कातडीत रुतलेले इतके बारीक खवले की बोटाला ती नुसती गुळगुळीत लागते. ‘लेपिडोसेफॅलिक्थिस’ या कुळातल्या मुरींच्या डोळ्याखाली दुटोकी काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो आणि मासा घाबरला की उभा राहतो. जाळीने धरायला गेलं तर हाच काटा जाळीच्या घरात अडकतो, आणि ओढाताण केली की डोळ्याची बाजू फाटते. म्हणून मुरी वाटीत पाण्यासकट उचलायची असते.

बारीक वाळू असलेल्या टाकीत ही मुरी सोडली तर क्षणभर ती स्तब्ध राहते. मग डोकं खाली घालून अंगाला दोन झटके देते आणि वाळू वर उडून खाली बसेपर्यंत दिसेनाशी होते. नीट पाहिलं तर वाळूच्या कणांमध्ये दोन टिंबं दिसतात, ते तिचे डोळे. भूक लागली की ती बाहेर येऊन तोंडभर वाळू घेते. त्यातली किड्यांची अंडी, अळ्या, शेवाळाचे तुकडे आत राहतात आणि वाळू कल्ल्यांच्या फटीतून धुरासारखी बाहेर पडते. हे दिवसभर चालतं. आता याच माशाला अणकुचीदार रंगीत खडीवर ठेवलं तर काय होईल? पुरायला जागा नाही, चाळायला वाळू नाही, आणि मिशा खडीच्या कडांवर घासून झिजतात, त्यांना जंतुसंसर्ग होतो. मग दुकानदार म्हणतो, लोच नाजूक असतो. प्रत्यक्षात तिच्या पायाखालची जमीनच आपण काढून घेतलेली असते.

‘मुरी चिखलात, धानाच्या बांधीतही जगते, तिला एवढे लाड कशाला?’ असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. लेपिडोसेफॅलिक्थिसच्या काही जातींना खरोखरच विलक्षण सोय मिळालेली आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की त्या झपकन पृष्ठभागावर येतात, हवेचा घोट गिळतात आणि आतड्याच्या मागच्या भागातल्या रक्तवाहिन्यांतून त्यातला प्राणवायू शोषून घेतात. लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस हे नाव 1846 मध्ये ठेवलं गेलं ते श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळच्या उष्ण झऱ्यांवरून. उन्हाळ्यात नाल्याची डबकी होतात तेव्हा इतर मासे माना टाकतात, पण मुरी तग धरते ती या जोरावर. पण तग धरणं आणि सुखात असणं यांत फरक आहे. टाकीतली मुरी दर मिनिटाला वर धावताना दिसली की घरातली मुलं तिला खेळकर म्हणतात. ती पाण्यात दम पुरत नसल्याची खूण असते. शिवाय ‘लोच’ या एका नावाखाली दुकानात सगळेच येतात, आणि खळाळत्या पाण्यात दगडांखाली राहणाऱ्या अनेक जातींना आतड्याने श्वास घेण्याची ही सोय नसते. त्या गुपचूप मरतात.

भंडाऱ्यात तर हा प्रश्न मे महिन्यात नुसत्या आकड्यांनी उभा राहतो. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू प्रति लिटर विरघळू शकतो. 30 अंशाला तो साडेसातवर येतो, 35 अंशाला सातच्याही खाली. पारा 45 च्या पुढे गेला की खोलीतल्या टाकीचं पाणी सहज बत्तीस-तेहतीस अंशांवर जातं. त्याच पाण्यात माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया जास्त विषारी होतो. पाण्याचा सामू 7 असेल तर 25 अंशाला एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पण सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, आणि पाणी तापलं की आणखी चढतो. म्हणजे ज्या दिवसांत माशाला दम जास्त लागतो, त्याच दिवसांत दम कमी आणि विष अधिक. कूलर लावून बसणाऱ्या विदर्भातल्या माणसाला यावरचा उपाय नवा नाही. कोरड्या हवेत पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला की बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंश उतरते. कूलरच्या खोलीत टाकी ठेवली तर आणखी सोपं. मात्र उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागे उरतात. त्यावर रोज बोअरचं जड पाणी घालत राहिलं तर महिन्याभरात टाकीतलं पाणी ओढ्याच्या पाण्यासारखं राहत नाही. वरभरणीला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी आणि आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलणं, एवढ्याने हे सावरतं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन आधी घालवावं लागतं. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो, तेव्हा पाण्याची हालचाल वाढवणं एवढंच हाती राहतं.

हालचाल हाच या टाकीचा प्राण. तीन फूट लांब, एक फूट रुंद, शंभरेक लिटरची टाकी मुरीला उंच टाकीपेक्षा कितीतरी बरी, कारण तिला उंची वापरताच येत नाही. एका टोकाला स्पंज लावलेला नळ, दुसऱ्या टोकाला पॉवरहेड, आणि दोन्हींना जोडणारा पाइप वाळूखालून नेला तर पाणी टाकीभर एकाच दिशेने वाहतं. तासाला टाकीतलं सगळं पाणी आठ-दहा वेळा फिरावं. प्रवाहाच्या तोंडाशी गुळगुळीत गोटे, मधे चपटे दगड एकमेकांवर टेकवून केलेल्या कपारी, आणि गोट्यांच्या आडोशाला निवांत वाळू. वाळू नदीची, चाळून पाणी निवळ येईपर्यंत धुतलेली. मासे सोडण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवायची, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि स्पंजात वस्ती करतात. बहुतेक टाक्या इथेच फसतात, कारण धीर धरवत नाही. मग पाच-सहा मुरी एकत्र, एकटी कधीच नाही. एकटी मुरी दिवसचे दिवस दगडाखाली राहते. खाऊ बुडणारा हवा, आणि तो दिवे मालवल्यावर टाकावा, नाहीतर वरचे मासे तो अर्ध्यातच फस्त करतात. सोबतीला डॅनिओ, छोटे बार्ब, रासबोरा, म्हणजे ज्यांना वाहतं आणि फार न तापलेलं पाणी चालतं ते. गोल्डफिश नको, तो पाणी फार खराब करतो. एंजल नको, त्याला उबदार संथ पाणी लागतं. मोठे सिक्लिड तर नकोतच. वीज गेली की सगळ्यात आधी या टाकीला धक्का बसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

वरून खाली विचार करण्याची सवय आजारपणात सगळ्यात महाग पडते. टाकीत पांढरे ठिपके दिसले की ठरलेला सल्ला असतो: तापमान तीस अंशांवर न्या आणि तांबं किंवा मॅलेकाइट ग्रीन असलेलं औषध पूर्ण मात्रेत घाला. बारीक खवल्यांच्या मुरीच्या कातडीतून ही औषधं जास्त भिनतात, आणि तापवलेल्या पाण्यात तिचा दमही कमी पडतो. ठिपके जातात, वरचे मासे वाचतात, खालच्या मुरी मरतात, आणि त्या आडोशाला असल्याने वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मात्रा निम्मी, मुदत दुप्पट, हवा दुप्पट, हा मुरी धरून केलेला उपचार. तो वरच्या माशांनाही पुरतो. तळातल्या माशासाठी लावलेली टाकी वरच्या माशांना जवळजवळ नेहमीच पुरते, उलटं मात्र घडत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हा एवढाच आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे: ओढ्यातला मासा ओढ्यातच का राहू नये? याला उत्तर देताना हात झटकता येणार नाहीत. कोल्हापूर-सातारा भागातल्या सह्याद्रीच्या नद्यांत ‘बोटिया स्ट्रायाटा’ हा पट्टेरी लोच सापडतो. दुकानात तो झेब्रा लोच. राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2005 ते 2012 या काळात भारतातून निर्यात झालेल्या संकटग्रस्त गोड्या पाण्यातल्या माशांचा हिशेब मांडला. तीस जाती, पंधरा लाखांहून जास्त मासे, आणि त्यांत सर्वाधिक वाटा असलेल्या मोजक्या नावांत हा बोटिया. भारतीय लोच अजूनही मुख्यतः नदीतून धरूनच बाजारात येतात. तेव्हा ‘छंदामुळे जाणीव वाढते’ एवढं म्हणून हा माल विकत घेणं मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला क्लाउन लोच आहे, सुमात्रा-बोर्निओचा. तो दोन इंचांचा असताना गोगलगायी खाणारा म्हणून विकला जातो, फूटभर वाढतो आणि वीस वर्षंही जगतो. तीन फुटी टाकीत त्याला आणणं म्हणजे पुढच्या दोन दशकांचा कोंडवाडा.

मग उरतं काय? लेपिडोसेफॅलिक्थिसच्या थर्मालिस, गुंटिया यांसारख्या सर्वदूर आढळणाऱ्या, धोक्यात नसलेल्या मुरी. फाल्गुन-चैत्रात नाला तुटून डबकी होतात तेव्हा त्यांतल्या पाच-सहा मुरी उचलल्याने नाल्याचं काही जात नाही. तीही बगळ्यांची, खंड्याची शिदोरी आहे हे मान्य. म्हणूनच पाच-सहा, बादलीभर नव्हे. कोका अभयारण्यात किंवा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात हे करायचं नाही, तिथे कायद्याने काहीच उचलता येत नाही. आणि एकदा टाकीत आलेली मुरी परत नाल्यात सोडायची नाही. दुकानातल्या माशांचे परजीवी तिच्यासोबत बाहेर जातात. टाकीतून सोडलेल्या माशांनी काय होतं ते उजनीच्या पाण्यात जाळी फाडणाऱ्या सकर माशाने दाखवून दिलं आहे. त्याचा काटा तिकडच्या मासेमारांच्या हाताला रोज लागतो.

आता भंडारा. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेले मालगुजारी तलाव, गावागावातल्या बोड्या, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरेल अशी साखळी. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळी आणि पाट यांची देखभाल कुणाचीच उरली नाही. मासेमारीचं धोरण आलं ते वरच्या पाण्याकडे पाहणारं: रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडा, वजन मोजा. ढिवर मासेमार कुटुंबांना त्यातून पैसा मिळाला हे खरं आहे, आणि ते कमी लेखण्याचं काही कारण नाही. पण बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, आणि तळ उजाड झालेल्या, बेशरमच्या झुडपांनी वेढलेल्या तलावात ते वाढतही नाही. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यात जे काम केलं त्याचा क्रम वेगळा होता. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, आटलेल्या तलावाचा तळ नांगरायचा, त्यात ढिवरांना माहीत असलेल्या पाणवनस्पती लावायच्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते, हे ज्ञान बहुतेक ढिवर स्त्री-पुरुषांच्या तोंडीच होतं. तळ सुधारला तसे स्थानिक मासे परतले आणि उत्पन्नही वाढलं. टाकीत जे सहा आठवड्यांत करायचं, तेच तलावात काही हंगामांत झालं.

तलावाला निदान संस्था आहे, ठेका आहे, भांडायला कुणीतरी आहे. नाल्याला कुणी नाही. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आलं तेव्हा राज्यभर नाला खोलीकरणाचं काम जोरात झालं. यंत्राने वाळू-गोटे काढून नाल्याचा तळ सपाट, काठ उभे, मधे सिमेंटचा बंधारा. पाण्याचे घनमीटर मोजले गेले, तळ मोजला गेला नाही. ‘शेतकऱ्याला पाणी हवं की मुरी?’ हा प्रश्न यावर लगेच विचारला जातो. धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट राहते, हे ज्याला ठाऊक आहे तो पाण्याच्या विरोधात बोलणार नाही. पण वाळूचा थर हाही पाणीच धरून ठेवतो. नाला सलग खरवडण्याऐवजी मधे मधे गोट्यांचे उथळ टप्पे तसेच ठेवले तर बंधाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि दोन डोहांच्या मधल्या खळाळात मुरी राहते. हे करायला जास्तीचा पैसा लागत नाही, आराखड्यात एक ओळ लागते.

वैनगंगेचं दुखणं याहून मोठं आहे. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली. धरण भरू लागलं तशी वाहणारी नदी कित्येक किलोमीटर तलाव झाली, आणि नागपूरच्या सांडपाण्याने लदलेली नाग नदी कन्हानमार्गे याच पाण्यात येऊन मिळते. मुकुंदराजांचा विवेकसिंधू जिथे लिहिला गेला असं मानतात त्या अंभोऱ्याच्या पाच नद्यांच्या संगमावर आज प्रवाहाची जागा फुगवट्याने घेतली आहे. जिथे नदी अजून वाहते तिथे वाळूघाट आहेत. घर बांधायला वाळू लागते, आणि वैनगंगेची वाळू चांगली म्हणूनच तिला मागणी आहे. मी वाळू उपशालाच नको म्हणत नाही. दर वर्षी पुरासोबत जेवढी वाळू येते तेवढीच काढावी, पाण्याखालची उकरू नये, हे नियमातही आहे. नियम लिहिणाऱ्यांनी पाणी आणि महसूल यांचा विचार केला. त्या वाळूत कुणी राहतं हे लक्षात आलं असतं तर पाण्याखालची वाळू उकरणं म्हणजे नुसती चोरी न ठरता वस्ती उठवणं ठरलं असतं.

बोटभर माशासाठी एवढा खटाटोप का, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, हे मासे सबंध खाल्ले जातात, काट्यासकट. मोठ्या माशाच्या तुकड्यातून न मिळणारं कॅल्शियम गरिबाच्या ताटात असंच येतं. दुसरी, गोदावरीच्या खोऱ्यातल्या मुरींची आपली ओळखच अजून पुरी व्हायची आहे. 2020 मध्ये तेलंगणातल्या कवल व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून ‘इंडोरिओनेक्टिस तेलंगणाएन्सिस’ ही नवी जात नोंदली गेली. 2021 मध्ये सह्याद्रीच्या उत्तर भागातून याच कुळातल्या आणखी दोन जाती आल्या, त्यांतली एक नीलेश डहाणूकर यांच्या नावाने, दुसरी राजीव राघवन यांच्या. बस्तरच्या कुटुमसर गुहेत याच कुळातली, फिकट रंगाची, डोळे अधू झालेली मुरी काळोखात राहते. तेलंगणाच्या जंगलात आणि बस्तरच्या गुहेत जे सापडतं, ते मधल्या कुठल्याच ओढ्यात नसेल, असं धरून चालणं घाईचं होईल. लाखनी, साकोली, तुमसरचे नाले कुणी दगड उचलून नीट पाहिले तर काय हाती लागेल ते पाहायला हवं. शाळेच्या प्रयोगशाळेत मुरीची एक टाकी असली तर हे पाहणं तिथूनच सुरू होऊ शकतं. सामू, प्राणवायू, अमोनिया मोजायला शिकलेली मुलं तेच तपासणी संच घेऊन गावच्या नाल्यावर जाऊ शकतात.

धान कापणीला येतं तेव्हा बांध्यांतून पाणी उतरलेलं असतं आणि नाले निवळ झालेले असतात. घोट्याएवढ्या पाण्यात, ऊन तिरपं असताना पाच मिनिटं न हलता उभं राहिलं तर वाळूवर आधी दोन टिंबं दिसतात, मग मिशा, मग अंगावरचे पुसट पट्टे. पावसाळ्यात बंद असलेला वाळूचा उपसा सुरू होण्याचे दिवसही हेच.